आरोग्यमंत्री साहेब, माझ्या मुलीची फाईल बंद करायची घाई कुणाला होती?

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

स्ट्रोकमधून वाचलेल्या मुलांचा दरवर्षी फॉलोअप होईल आणि त्यात त्यांची क्वालिटी ऑफ लाईफही, म्हणजे मूल रोजचं आयुष्य कसं जगतंय तेही, तपासली जाईल, असा शब्द तुम्ही आम्हा पालकांना दिला होता. परवा माझ्या मुलीची फाईल बंद झाली. शेरा काय, तर "चालते, बोलते, प्रगती समाधानकारक". त्या चार शब्दांवर थेरपीसुद्धा बंद. जाब विचारला तर म्हणे क्वालिटी ऑफ लाईफ वगैरे मोजायची सोय नाही.

कुणाचं समाधान झालं हो?

चालते ती, खरंय. पण डाव्या हाताची मूठ आपोआप आवळते, शर्टाचं बटण लावताना ती कापड दातात धरते आणि आधी दाराला आतून कडी घालते, मी मदतीला जाऊ नये म्हणून. शाळेत दुपारनंतर डोकं थकतं, फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाई पुढे गेलेल्या असतात, खेळताना कुणी टीममध्ये घेत नाही. फाईलमध्ये यातलं एक अक्षर नाही. मी नोकरी सोडली, रात्री फिट येईल या धास्तीने झोप लागत नाही, आणि नातेवाईक म्हणतात वाचली ना पोर, मग रडतेस कशाला. तुमचं खातं पण तेच म्हणतंय, फक्त शिक्का मारून.

आणि मोजता येत नाही हे साफ खोटं आहे. पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली आहे, 23 प्रश्न, शरीर, भावना, मित्र, शाळा, 5 वर्षांचं मूलही स्वतः उत्तर देऊ शकतं, पालकांचा फॉर्म वेगळा. दोन्ही भरून घ्यावे लागतात, कारण आईबापाला जे दिसतं आणि मुलाला जे सोसावं लागतं ते बऱ्याचदा जुळत नाही. स्ट्रोक झालेल्या मुलांसाठी पीएसओएम नावाची तपासणी आहे, 0 ते 10 गुण, पण त्यातून हातपाय, बोलणं, समजणं किती बिघडलंय तेवढंच कळतं, मूल आतून कसं आहे ते नाही. शिवाय अगदी लहानपणी झालेल्या स्ट्रोकचे परिणाम कितीतरी वेळा शाळेत गेल्यावर, अभ्यास वाढल्यावर बाहेर येतात. मग एकदा तपासून फाईल बंद कशी करता?

पण तुमच्या सगळ्या यंत्रणेचंच हे असं आहे. खाटा मोजा, मशिनी मोजा, किती वाचले त्याचा आकडा भाषणात सांगा. वाचलेलं पोर पुढे कसं जगतंय हे विचारायला कुणी मोकळं नाही, कारण विचारलं की थेरपी द्यावी लागेल, शाळेला जाब विचारावा लागेल, पैसा लागेल. मतदान करत नाहीत ना ही मुलं!

फाईल परत उघडा. 18 वर्षांची होईपर्यंत दरवर्षी तपासा, प्रश्न आधी तिला विचारा, मग मला, आणि थेरपी त्या उत्तरांवर ठरवा. याचं उत्तर मला लेखी पाहिजे, सहीनिशी.

एक आई