डॉक्समधलं एक वाक्य दुरुस्त केल्याबद्दल

जळगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुम्ही शिरपूरकडच्या आणि आता धुळ्यात नोकरीला, एवढंच एका मित्राकडून कळलं. एका लहानशा मुक्त लायब्ररीच्या (कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) डॉक्समध्ये, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांत, तुम्ही जी दुरुस्ती केली तिचा आम्हाला ऐन केळीच्या हंगामात फार उपयोग झाला. खासगी निरोप पाठवूनही भागलं असतं. पण कोड लिहिणाऱ्याची पाठ थोपटायला दहा जण येतात आणि डॉक्स नीट करणाऱ्याच्या कामाला ‘शुद्धलेखन तपासलं’ म्हणून बाजूला सारतात. म्हणून आभार चारचौघांत मानतोय.

आमचं काम असं. रावेर, सावदा, फैजपूर भागात कापणी झाली की केळीची गाडी वजनकाट्यावर येते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, शेतकरी, गाव, त्या दिवसाचा बोर्ड भाव हे सगळं आमच्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सिस्टिममध्ये जातं आणि पावती निघते. वजनावरून वाद झाला की एका गाडीच्या सगळ्या ओळी लॉगमधून (प्रोग्रामने काय काय केलं त्याच्या ओळीओळीच्या नोंदीतून) पटकन काढता याव्यात म्हणून लॉग साध्या मजकुरात न ठेवता जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या ठरावीक मांडणीत) ठेवलाय. त्यासाठी तीच लायब्ररी वापरतो. तिच्यात अ‍ॅडॅप्टर म्हणजे लॉगच्या ओळींना माहिती जोडून देणारा भाग. गाडी नंबर आणि काट्याचा क्रमांक अ‍ॅडॅप्टरला एकदा बांधून द्यायचा, की पुढच्या प्रत्येक ओळीत तो आपोआप उतरतो.

जुन्या डॉक्समध्ये वाक्य होतं की अ‍ॅडॅप्टरला बांधलेली माहिती आणि त्या त्या ओळीला ‘एक्स्ट्रा’ म्हणून दिलेली माहिती एकत्र होऊन लॉगमध्ये जाते. वाचताना कुणालाही हे खरंच वाटेल, कारण असंच व्हायला हवं. प्रत्यक्षात ती लायब्ररी पायथॉनच्या स्वतःच्या लॉगरअ‍ॅडॅप्टरवर उभी आहे. त्यातली ‘प्रोसेस’ ही मेथड ओळीला दिलेलं एक्स्ट्रा काढून टाकते आणि त्या जागी अ‍ॅडॅप्टरचं ठेवते. एरर येत नाही, साधी ताकीदही येत नाही. एका गाडीच्या वजनावरून शेतकरी आणि व्यापारी काट्यावरच हमरीतुमरीवर आले, तेव्हा लॉगमध्ये गाडी नंबर होता, वेळ होती, ‘वजन नोंदवलं’ असा संदेशही होता. फक्त वजन नव्हतं! डेटाबेसमध्ये होता तो वजन दुरुस्त केल्यानंतरचा आकडा. आधीचा आकडा फक्त लॉगमध्येच सापडला असता.

आमच्या पोरांनी फॉरमॅटर (लॉगची ओळ मांडणारा भाग) तपासला, काट्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल बदलून पाहिली. अ‍ॅडॅप्टरवर कुणाला संशय येईना, कारण त्याच्याबद्दल डॉक्समध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याच सुमारास तुमची दुरुस्ती आली.

तुम्ही चुकीचं वाक्य नुसतं खोडून थांबला असता तरी आमचं काम झालं असतं. तुम्ही तिथे चार ओळींचा चालणारा कोड दिला आणि त्याखाली त्याचं खरंखुरं आउटपुट दिलं, गायब झालेल्या फील्डसकट. ते पाहिल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग ‘प्रोसेस’ आपण स्वतः लिहून दोन्हीकडच्या माहितीच्या डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचे संच) कशा जोडायच्या ते दाखवलंत. पायथॉन ३.१३ पासून ‘मर्ज_एक्स्ट्रा’ नावाचा पर्याय आलाय, पण तो मुळात बंद असतो आणि मुद्दाम चालू करावा लागतो, हेही नोंदवलंत. आमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीवर आहे, त्यामुळे आम्ही पहिला मार्ग घेतला. दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची वजनं लॉगमध्ये नीट उतरली.

त्याच पानावर तुम्ही राखीव नावांचाही मुद्दा घातलात. एक्स्ट्रामध्ये ‘नेम’, ‘मेसेज’ किंवा ‘मॉड्यूल’ अशी किल्ली (माहितीला दिलेलं नाव) दिली तर की-एरर येते, कारण ही नावं लॉगच्या नोंदीने आधीच घेतलेली असतात. शेतकऱ्याचं नाव ठेवायला ‘नेम’शिवाय दुसरी किल्ली सुचणारा प्रोग्रामर मी अजून पाहिला नाही. त्यातली खरी मेख तुम्ही कंसात सांगून टाकलीत: अशी किल्ली डीबगच्या, म्हणजे बिघाड शोधतानाच चालू करायच्या, ओळीत असेल तर डीबग बंद असेपर्यंत काहीच होत नाही, कारण ती नोंद तयारच होत नाही. काहीतरी बिघडलं म्हणून रात्री डीबग चालू करावं, तर नेमका तेव्हाच प्रोग्राम कोसळतो. माझं मत विचाराल तर हा मुद्दा पानाच्या तळाशी, कंसात ठेवण्यासारखा नाही. तो वर आणा.

आणि ते देवनागरीचं! जुन्या उदाहरणात सगळी नावं इंग्रजीत होती, म्हणून हा घोळ कुणाच्या लक्षात येणंच शक्य नव्हतं. पायथॉनचं जेसन मुळात अ‍ॅस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांपलीकडचं) प्रत्येक अक्षर ‘यू’ आणि आकड्यांच्या सांकेतिक रूपात लिहितं. जेसन वाचून परत उलगडलं तर अक्षरं जशीच्या तशी मिळतात, म्हणून मशीनला फरक पडत नाही. पण काट्यावरच्या पोराने लॉगमध्ये थेट ‘सावदा’ शोधलं तर त्याला काही सापडणार नाही. तुम्ही उदाहरणात गावाचं नाव देवनागरीत घेतलंत, ‘एन्शुअर_अ‍ॅस्की’ हा असं रूपांतर करणारा पर्याय बंद केलात आणि फाइल उघडताना यूटीएफ-८ (देवनागरी साठवता येणारी पद्धत) सांगायला विसरू नका असंही लिहिलंत. आमच्या काट्यावर विंडोज आहे. ती शेवटची ओळ नसती तर आम्ही पुन्हा अडकलो असतो.

तुमच्या दुरुस्तीखालची चर्चाही मी वाचली. ‘वापरणाऱ्याला एवढं तर कळायलाच हवं’ असं एकाने लिहिलं होतं. त्याच्याशी वाद न घालता तुम्ही आणखी एक टेस्ट (कोड सांगितल्यासारखा चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) जोडलीत, म्हणजे पुढे वागणूक बदलली तर डॉक्समधलं उदाहरणच नापास होईल. मला हे उत्तर फार आवडलं. आमच्याकडेही आता डॉक्समधली उदाहरणं टेस्टसोबत चालवतो. पोरं कुरकुरतात, पण चालवतात.

त्या गाडीचा वाद शेवटी शेतकऱ्याकडच्या कागदी पावतीवर मिटला. लॉगचा त्या दिवशी उपयोग झाला नाही, तेव्हा उगाच मोठेपणा सांगत नाही. पण त्यानंतर वजनाच्या तक्रारी आल्या तेव्हा पहिला आकडा, दुरुस्त केलेला आकडा आणि तो कुणी बदलला हे सगळं काट्यावरच दाखवता आलं. हे तुमच्यामुळे, ताई. मनापासून आभार.

कधी जळगावला आलात तर जरूर कळवा. थंडीत आलात तर शेतात भरीत-पुरीचा बेत नक्की.

आपला,
काट्यावरच्या सिस्टिमवाल्यांपैकी एक

ता. क. हंगाम संपला की आम्ही पायथॉन ३.१३ वर जाणार आहोत. ‘मर्ज_एक्स्ट्रा’ चालू असताना एकच किल्ली दोन्हीकडे असेल तर ओळीला दिलेली किंमत टिकते आणि अ‍ॅडॅप्टरची जाते. ही गोष्ट तुमच्या पानावर अजून आलेली नाही. उदाहरणासकट मसुदा केलाय, या आठवड्यात पाठवतो. बिनधास्त काटछाट करा.