दूरच्या बेटांची शेती : युरोपकडून घ्यायचे ते काय?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापारावर आपल्या दैनिकात अलीकडे जो विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, त्यातील बहुतेक प्रतिपादन मला मान्य आहे. श्रीमंत देश स्वतःच्या शेतकऱ्याला भरघोस अनुदान देतात आणि आपल्या हमीभावावर मात्र जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, बोट ठेवतात, ही लेखकाची तक्रार रास्तच आहे. परंतु या तक्रारीच्या पुष्ट्यर्थ त्यांनी युरोपच्या दूरस्थ बेटांना मिळणाऱ्या शेती-मदतीचे जे उदाहरण दिले, ते चुकीच्या रकान्यात पडले आहे असे मला वाटते. ती योजना वेगळ्या कारणासाठी जन्मली, तिचे नियम वेगळे आहेत आणि तिच्यातील खरे दोषही लेखकाला दिसले त्याहून वेगळे आहेत.

ज्यांना युरोपीय कायद्यात ‘अतिदूरस्थ प्रदेश’ म्हटले जाते, ते नऊ आहेत : फ्रान्सचे ग्वादेलूप, मार्टिनिक, रेयुनियाँ, मायोत, सेंट मार्टिन आणि फ्रेंच गयाना, पोर्तुगालचे अझोर्स आणि मदैरा, आणि स्पेनची कॅनरी बेटे. (फ्रेंच गयाना हे बेट नसून दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील प्रदेश आहे; तरी त्याची गणना याच पंक्तीत होते.) रेयुनियाँ हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारी आहे आणि पॅरिसहून नऊ हजार किलोमीटरपेक्षा दूर आहे; तिथे उसाच्या मळ्यांवर राबलेल्या तमिळ मजुरांचे वंशज आजही मोठ्या संख्येने राहतात आणि सुरत परिसरातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची दुकानेही तिथल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. म्हणजे गुजरातला हा विषय वाटतो तितका परका नाही.

फ्रेंच प्रदेशांसाठी १९८९ मध्ये आणि पोर्तुगीज व स्पॅनिश बेटांसाठी १९९१ मध्ये विशेष कार्यक्रम सुरू झाले. त्यांचे शेतीविषयक अंग आज ‘पोसेई’ या नावाने ओळखले जाते आणि ते २०१३ च्या २२८ क्रमांकाच्या नियमावलीनुसार चालते. त्याच्या मुळाशी संघाच्या करारातील कलम ३४९ आहे. या कलमात दूरत्व, बेटपण, लहान आकार, अवघड भूरचना व हवामान आणि मोजक्याच पिकांवरील अवलंबन ही कारणे नावानिशी नोंदवली असून, ती कायमची आहेत आणि एकत्र येऊन विकास खुंटवतात, असे स्पष्ट म्हटले आहे. रकमेच्या बाबतीत बोलायचे तर तिन्ही देशांची मिळून वार्षिक मर्यादा सुमारे ६५ कोटी ३० लाख युरो आहे, आणि संघाच्या एकूण शेती-खर्चात हा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास भरतो. युरोपच्या अनुदानांवर टीका करायची तर उरलेल्या पावणेनव्व्याण्णव टक्क्यांपासून सुरुवात करावी, हे उत्तम.

अंतर आणि जकात यांनी शेतमालाचे काय होते, हे वडोदऱ्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागू नये. गायकवाडांचे राज्य एकसंध नव्हते. वडोदरा, नवसारी, कडी आणि अमरेली अशा विखुरलेल्या प्रांतांत ते पसरले होते, आणि ओखामंडळ तर द्वारकेच्या टोकाला, मधल्या कितीतरी संस्थानांपलीकडे होते. काठेवाडातून ब्रिटिश मुलखात येणाऱ्या मालावर विरमगाम येथे जकातीची सरहद्द होती, आणि ती उठावी म्हणून गांधीजींनी केलेला पाठपुरावा १९१७ मध्ये फळाला आला, हे सर्वश्रुत आहे. ओख्याला बंदर बांधण्यावर संस्थानाने जो पैसा घातला, त्यामागे हीच अडचण होती. शहराच्या नाक्यावरची जकात तर आमच्या पिढीने २००७ पर्यंत अनुभवलेली आहे.

आता योजनेतील ज्या भागाकडे आपल्या लेखकाचे लक्ष गेलेले दिसत नाही, त्याविषयी. पोसेईचे दोन हात आहेत. एक स्थानिक उत्पादनाला मदत करतो आणि दुसरा ‘विशेष पुरवठा व्यवस्था’ म्हणून ओळखला जातो. या दुसऱ्या व्यवस्थेत प्रत्येक प्रदेशासाठी दरवर्षी पुरवठ्याचा अंदाजपत्रकी ताळेबंद मांडला जातो : लोकांच्या खाण्यासाठी, प्रक्रिया उद्योगासाठी आणि जनावरांच्या खुराकासाठी कोणता जिन्नस किती टन लागेल, हे त्यात लिहावे लागते. तेवढ्या प्रमाणात तो जिन्नस संघाबाहेरून आणला तर सीमाशुल्क माफ होते, आणि संघातूनच आणला तर वाहतुकीचा जादा बोजा भरून काढण्यासाठी मदत मिळते. मात्र हा फायदा शेवटच्या ग्राहकापर्यंत पोहोचला पाहिजे, ही अट नियमावलीतच आहे. आणि सवलतीत आलेला माल, काही ठरीव अपवाद वगळता, पुन्हा बाहेर विकता येत नाही. आपल्याकडे सवलतीचे धान्य किंवा निमकोटेड युरिया कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो याच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या दोन अटींचे मोल वेगळे सांगायला नको.

अट लिहिलेली असणे आणि ती पाळली जाणे यांत अंतर असते, हे मान्य करायला हवे. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या तुलनेनुसार ग्वादेलूप आणि मार्टिनिकमधील खाद्यपदार्थ मुख्य भूमीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी महाग होते. महागाईच्याच प्रश्नावर ग्वादेलूप २००९ च्या आरंभी चव्वेचाळीस दिवस संपामुळे ठप्प झाले होते, आणि २०२४ मध्ये मार्टिनिकमध्ये पुन्हा त्याच कारणाने लोक रस्त्यावर आले. यात आणखी एक विसंगती आहे. फ्रेंच बेटांवर बाहेरून येणाऱ्या मालावर ‘ऑक्त्रोआ द मेर’ नावाची जुनी जकात अजूनही आहे. तिच्यातून तिथल्या नगरपालिका चालतात आणि स्थानिक मालाला सूट मिळते, पण आयात मालाची किंमत वाढते. एका हाताने सीमाशुल्क माफ करायचे आणि दुसऱ्या हाताने जकात घ्यायची, असा हा प्रकार असून त्यासाठी संघाच्या मंत्रिपरिषदेची वेळोवेळी परवानगी लागते.

पण माझ्या मते या योजनेतील सर्वांत मोठा दोष केळीत आहे. कॅनरी बेटांच्या केळीसाठी वर्षाला सुमारे १४ कोटी १० लाख युरो आणि ग्वादेलूप-मार्टिनिकच्या केळीसाठी सुमारे १२ कोटी ९० लाख युरो ठेवलेले आहेत. म्हणजे एकूण रकमेतील चाळीस टक्क्यांहून अधिक भाग एका पिकावर आणि तेही मुख्यतः निर्यातीच्या पिकावर खर्च होतो. विशेष पुरवठा व्यवस्थेची कमाल मर्यादा याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. बेटावरच्या माणसाला ताटात लागणारी भाजी, कंद आणि मांस यांच्या वाट्याला उरलेल्यातला हिस्सा येतो. मार्टिनिकमध्ये मोठ्या केळीबागांची मालकी बव्हंशी वसाहतकालीन मळेवाल्यांच्या वंशजांकडे राहिली आहे, त्यामुळे मदतीचा ओघ कुणाच्या दारी जातो हा प्रश्न तिथे केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. याच बागांत केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिडीसाठी १९७२ पासून क्लोरडेकोन हे विषारी कीटकनाशक वापरले गेले. फ्रान्सने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली, पण बेटांवर १९९३ पर्यंत त्याला मुभा राहिली. ते मातीतून जाता जात नाही, आणि दोन्ही बेटांवरील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश आढळला आहे. भडोच, नर्मदा आणि आणंद जिल्ह्यांतील केळी उत्पादकांनी हा इतिहास अवश्य वाचावा. एकाच पिकाला वर्षानुवर्षे पैसा मिळत गेला की त्या पिकाला वाचवण्यासाठी काय काय खपवून घेतले जाते, ते त्यातून कळते.

केळीला एवढा पैसा का लागतो, याचे उत्तर व्यापाराच्या नियमांत आहे. १९९३ मध्ये युरोपची बाजारपेठ एक झाल्यावर आयात केळीवर जे कोटे व शुल्क बसले, त्यांविरुद्ध अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतील देश जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९७ मध्ये जिंकले. पुढे २००६ च्या सुधारणेने केळी उत्पादकांची भरपाई पोसेईत वळवली गेली. डिसेंबर २००९ च्या जिनिव्हा करारात टनामागे १७६ युरोचे शुल्क टप्प्याटप्प्याने ११४ पर्यंत आणण्याचे ठरले, आणि कोलंबिया, पेरू व मध्य अमेरिकेतील देशांसाठी ते नंतर ७५ युरोपर्यंत खाली आले. इक्वाडोरच्या सपाट, विस्तीर्ण मळ्यांशी कॅनरीतील दगडी बांधांच्या उतारावरच्या बागांनी भावात स्पर्धा करावी, अशी अपेक्षाच चुकीची आहे. शुल्काची भिंत जितकी खाली आली, तितके अनुदानाचे महत्त्व वाढले. साखरेचे तेच झाले : २०१७ च्या सप्टेंबरअखेर संघातील साखर-उत्पादनाचे कोटे (ठरवून दिलेल्या कमाल मर्यादा) संपले आणि रेयुनियाँच्या ऊस उत्पादकाला उत्तर युरोपातील बीटसाखरेशी थेट सामना करावा लागला. अझोर्सच्या गवळ्यांचीही कथा निराळी नाही. पोर्तुगालच्या भूभागात जेमतेम अडीच टक्के असलेली ही बेटे देशाचे सुमारे तीस टक्के दूध देतात, आणि २०१५ मध्ये दुधाचे कोटे उठल्यावर मोठ्या देशांतील स्वस्त दुधाची झळ त्यांना बसली.

आता आपल्याकडे वळतो, कारण हे पत्र लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच आहे. चेन्नईपासून अंदमानची राजधानी समुद्रमार्गे सुमारे बाराशे किलोमीटर आहे. लिस्बनपासून अझोर्स त्याहून फार दूर नाहीत. लक्षद्वीप कोचीपासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटरवर आहे, तिथे जमीन सारी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, पीक म्हणाल तर नारळ, आणि तांदूळ, भाजीपाला, जनावरांचे खाद्य हे सर्व मुख्य भूमीवरून येते. पावसाळ्यात समुद्र खवळला की मालवाहू शिडाची जहाजे महिनोन्‌महिने थांबतात. या अडचणी कलम ३४९ मध्ये लिहिलेल्या कारणांशी तंतोतंत जुळतात. पण आपल्या राज्यघटनेचे कलम २४० वाचावे, तर त्यात या बेटांची शांतता, प्रगती आणि सुशासन यांसाठी विनियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिलेला आढळतो. दूरत्वाचा, पुरवठ्याचा किंवा शेतीचा त्यात शब्द नाही. दोन्ही ठिकाणी विधानसभा नाही आणि लोकसभेत प्रत्येकी एक खासदार आहे. जे काही मिळते ते अर्थसंकल्पी तरतुदीतून, खात्यांच्या आदेशांतून आणि प्रशासकांच्या मर्जीतून मिळते. ते कमीच मिळते असे माझे म्हणणे नाही; मात्र ते कशाच्या आधारे ठरले हे नागरिकाला विचारता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की असा कायदा केला तर जागतिक व्यापार संघटनेत आणखी एक खटला ओढवून घ्यायचा. वस्तुस्थिती उलट आहे. संघटनेच्या शेती करारातील दुसऱ्या परिशिष्टात प्रतिकूल प्रदेशांना द्यावयाच्या मदतीला मोकळीक दिलेली आहे आणि तिच्या अटी अशा आहेत की प्रदेश निश्चित सीमांचा असावा, त्याची अडचण तात्पुरत्या कारणातून आलेली नसावी, आणि निवडीचे निकष तटस्थ असून कायद्यात किंवा नियमात स्पष्ट लिहिलेले असावेत. मदत उत्पादनाच्या प्रमाणाशी बांधलेली नसावी, अशीही अट आहे; आणि टनावारी केळीला पैसा वाटणारी पद्धत आपण का उचलू नये, याचे हे आणखी एक कारण. उसाच्या हमीभावावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी आपल्याविरुद्ध २०२१ च्या डिसेंबरमध्ये निकाल मिळवला आणि आपल्याला अपिलात जावे लागले. बेटांच्या बाबतीत तसा प्रसंग येण्याचे कारण नाही, मात्र निकष आधी लिहून ठेवले पाहिजेत.

विशेष म्हणजे युरोपातच ही व्यवस्था सध्या डळमळू लागली आहे. २०२८ ते २०३४ या काळाच्या अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला, त्यात शेती आणि प्रादेशिक विकासाचा पैसा प्रत्येक देशाच्या एकत्रित आराखड्यात घालण्याची कल्पना आहे. त्यात पोसेईचा स्वतंत्र निधी टिकेल का, अशी काळजी बेटांवरून व्यक्त होत आहे. वेगळी पेटी मोडून पैसा मोठ्या पेटीत टाकला की दूरच्या आणि थोड्या मतांच्या प्रदेशाचे काय होते, हे आपल्याला राज्याराज्यांत दिसतेच.

तेव्हा आपल्या लेखकाला आणि संसदेत या व्यापार करारावर बोलणाऱ्या सदस्यांना माझी विनंती इतकीच आहे की, युरोपच्या बेटांना मिळणाऱ्या अनुदानावर हरकत घेण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार यांच्यासाठी पुरवठ्याचा वार्षिक ताळेबंद तयार करून तो संसदेपुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर घालावे. कोणता जिन्नस किती लागला, किती पोहोचला, वाहतुकीवर किती खर्च झाला आणि बेटावरच्या दुकानात तो काय भावाने विकला गेला, हे चार रकाने त्यात असले तरी सुरुवातीला पुरे आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कलम २४० खालील विनियमाने ते होऊ शकते.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा