उधाणाच्या दिवशी पाणवंशीयांना नाल्यात उतरवणं थांबवा : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. आपण कामात असता, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

या जुलैत ऐन भरतीच्या वेळी आपल्या खात्याच्या मुकादमाने माझ्या धाकट्या भावाला घरातून उठवून नेलं आणि मिठी नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या चेंबरमध्ये उतरवलं. तो वाचला. पण त्याच्या दोन्ही हातांची बोटं आता मिटत नाहीत, आणि बादलीत हात बुडवला तरी पाणी गार की गरम हेही त्याला कळत नाही. डोळस माणसाचे डोळे जावेत, तसं आहे हे पाणवंशीयासाठी.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपणच आमच्या वस्तीत येऊन सांगितलं होतं, की तत्त्ववंशीयांना, म्हणजे पाणवंशी, आगवंशी अशा आम्हा लोकांना, आपत्तीच्या कामावर घ्यायचं तर यापुढे लेखी नेमणूक, विमा आणि नाही म्हणायची मुभा देऊनच. माझ्या आईने आपल्याला ओवाळलं होतं. त्या शब्दाचा एक कागद आजवर निघालेला नाही. निघालं ते भलतंच परिपत्रक : उधाणाच्या दिवशी प्रत्येक नोंदणीकृत पाणवंशीयाने सकाळी जवळच्या चौकीत हजेरी लावावी.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून सांगते. पाणवंशी म्हणजे जादूगार नव्हेत. डॉक्टरांच्या भाषेत आम्ही माणसाचीच एक उपजाती, आणि हा गुण आईकडून येतो. कातडीला लागलेलं पाणी आम्हाला कळतं. ते कुठे तुंबलंय, कुठून ओढतंय हे समजतं, आणि अंगात बळ असेपर्यंत ते आम्ही थोपवू किंवा वळवू शकतो. पण हे फक्त गोड्या पाण्याचं. खारं पाणी आमचं ऐकत नाही. माझ्या आजीला हे माहीत होतं, शाळेतल्या पोरांना माहीत आहे, आणि आपल्या खात्याच्या फायलीतही ते लिहिलेलं आहे.

मग उधाणाला आम्हाला का उतरवता? मुंबईच्या कितीतरी नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, उलट खाडीचं पाणी आत शिरतं. माझा भाऊ पावसाचा लोंढा अंगावर धरून उभा होता, तेवढ्यात खालून खारं पाणी आलं आणि त्याची पकड सुटली. वर उभ्या असलेल्या माणसांकडे दोरखंडसुद्धा नव्हता. वस्तीतल्या पोरांनी साड्या बांधून त्याला बाहेर ओढलं. काम करणाऱ्यांना खात्याने काय दिलं होतं, तर चहा आणि वडापाव.

इस्पितळातला प्रकार तर लिहितानाही हात थरथरतो. पोटात गेलेलं गटाराचं पाणी ओकत तो बाकावर पडला होता, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘पाणवंशी ना? मग पाण्याने याला काय होणार?’’ होतं, साहेब. आम्हीही बुडतो. आमच्याही फुप्फुसांना हवाच लागते.

नुकसानभरपाईचा अर्ज केला, तर उत्तर आलं की ‘उपजत क्षमतेचा वापर करताना झालेली इजा’ अपघातात मोडत नाही. गटारात उतरून कायमचं अपंगत्व आलेल्या माणसाला किमान 20 लाख आणि मृत्यू झाल्यास 30 लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं आहे. त्या निकालात रक्त तपासून पैसे द्या असं कुठे म्हटलंय, ते आपल्या कायदा विभागाने मला दाखवावं.

आणि ही वेळ आमच्यावर येतेच का? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे शहर विसरलेलं नाही. त्याच्याही आधी, 1993 मध्ये, ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा, अहवाल आला होता. तासाला 25 मिलिमीटर पाऊस झेलणारी जुनी गटारं 50 मिलिमीटरची करा, समुद्राकडे पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं बांधा, असं त्यात होतं. हाजीअली, लव्हग्रोव्ह, ईर्ला अशी काही झाली. माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षं रखडली. हजारो कोटी कुठल्या नाल्यातून वाहून गेले, ते कंत्राटदारांना ठाऊक. दरवर्षी नालेसफाईचे आकडे छापून येतात, आणि दरवर्षी कुर्ल्यात आमच्या चुलीत पाणी शिरतं. पंप महाग पडतो, पाणवंशी फुकट मिळतो, एवढाच हा हिशोब आहे.

आगवंशीयांचंही तेच. गोदामाला आग लागली की त्यांना हात जोडून बोलावता, आणि त्याच माणसाला सोसायटी भाड्याने खोली देत नाही. ना त्यांच्या घराला विमा, ना पोरांना शाळेत नीट वागणूक.

चौकीतली हजेरी वाचून मला धक्का बसला, पण आमच्या शेजारच्या पारधी मावशींना नाही बसला. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे आपल्याकडेही लागू झाला, आणि जन्माला आलं म्हणून माणसं हजेरीला उभी राहिली. 31 ऑगस्ट 1952 ला त्यांच्यावरचा तो शिक्का पुसला, तरी चोरी झाली की पोलीस आजही आधी त्यांच्याच पालावर जातात. जन्मावरून काम, जन्मावरून संशय, जन्मावरून मरण. याच्याविरुद्ध 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपण दरवर्षी त्यांच्या पुतळ्याला हार घालता. त्यांच्याच राज्यघटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीला बंदी केली आहे. मजुरी न देता, नाही म्हणू न देता, पोलिसांच्या धाकाने करून घेतलेलं काम वेठ नाही, तर काय आहे?

माझ्या भावावर उपचार आणि न्यायालयाने सांगितलेली भरपाई द्या. हजेरीचं परिपत्रक मागे घ्या. ज्याला हे काम करायचंय त्याला पगार, विमा, दोर आणि मास्क द्या, आणि भरतीच्या वेळेत कोणालाही खाली पाठवू नका, मग तो पाणवंशी असो की नसो. रखडलेली दोन पंपिंग स्टेशनं कधी सुरू होणार, त्याची तारीख जाहीर करा.

हे लेखी हातात पडेपर्यंत आमच्या वस्तीतला एकही पाणवंशी उधाणाच्या दिवशी चौकीत येणार नाही. वस्तीतल्या बायकांनी मिळून हे ठरवलं आहे. अटक करायची असेल तर सुरुवात माझ्यापासून करा. माझा पत्ता आपल्या नोंदवहीत आहेच.

आपली,
एक पाणवंशी बहीण
कुर्ला (पश्चिम), मुंबई