ओढा मोकळा करण्यासाठी मदतीचे आवाहन

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्या कॉलनीच्या मागून वाहत जाऊन जयंती नाल्याला मिळणारा ओढा येत्या पावसाळ्यापूर्वी मोकळा करण्याचे काम नागरिक समितीने हाती घेतले असून त्यासाठी आपल्या वर्गणीची आणि श्रमदानाची गरज आहे.

जुने कोल्हापूर तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई भरू लागली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी का साचते, याचे उत्तर त्या जागेच्या जुन्या नावातच आहे. तळ्यांच्या बाबतीत जे पेठांमध्ये घडले, तेच आता उपनगरांत ओढ्यांच्या बाबतीत घडत आहे. हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षे चालला, पण प्लॉट काही हद्द पाहून पडले नाहीत. शेतवड गेली, अंगणांत पेव्हिंग ब्लॉक आले आणि पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी एका तासात ओढ्यावर येऊ लागले. त्यातच पंचगंगा फुगली की नाल्यांचे पाणी नदीत न शिरता मागे तुंबते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर नदीने ४३ फुटांची धोका पातळी किती मागे टाकली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

ओढ्याची आजची अवस्था पाहायची असेल तर मोरीच्या पुलावर दोन मिनिटे उभे राहावे. पाइपच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी गादी आणि खरमातीचा ढीग अडकलेला आहे. त्या ढिगातील फरशीचे तुकडे आपल्याच घरांच्या दुरुस्तीतले आहेत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. वरच्या बाजूला केंदाळ माजले आहे, कारण पाण्यात सांडपाणी मिसळते. तेच पाणी कुजताना त्यातील प्राणवायू संपतो आणि पुढे पंचगंगेत मासे तडफडून काठाला लागतात. नदीकाठी खाली इचलकरंजी आणि शिरोळ तालुक्यातील गावे आहेत, याचाही विसर पडू नये.

मोरीपासून वरच्या वळणापर्यंतचा गाळ जेसीबीने काढणे, मोरीच्या तोंडाशी उचलता येईल अशी लोखंडी जाळी बसवणे आणि काठाची माती धरून ठेवण्यासाठी उंबर, करंज व वाळा लावणे, एवढेच काम यंदा करायचे आहे. काठ सिमेंटने बांधून घ्यावा अशी काहींची सूचना होती. परंतु तसे केल्यास पाणी मुरण्याची उरलीसुरली जागाही जाईल आणि वेगाने निघालेले पाणी खालच्या वस्तीत शिरेल, म्हणून समितीने ती स्वीकारली नाही. कॉलनीची ओपन स्पेसही याच कारणासाठी मातीचीच ठेवून तिथे शोषखड्डा घेण्यात येईल.

प्रत्येक घरामागे किमान ५०० रुपये द्यावेत, अशी विनंती आहे. ज्यांना रक्कम देणे शक्य नाही त्यांनी रोपे, शेणखत, ट्रॅक्टरची एक खेप किंवा रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत श्रमदान द्यावे. वर्गणीची पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च दर आठवड्याला मंदिराजवळच्या फलकावर लावला जाईल. श्रमदानाला येताना गमबूट आणि हातमोजे आणावेत, गाळात काचा आहेत. ज्यांच्या घराचे सांडपाणी अजून ओढ्यात सोडलेले आहे त्यांनी समितीकडे तसे कळवावे. ड्रेनेज जोडणीचा अर्ज भरून देण्यास सदस्य मदत करतील आणि कोणाचेही नाव फलकावर लावले जाणार नाही.

आपले,
नागरिक समितीचे सर्व सदस्य, कोल्हापूर