व्हिनाइल कटरमध्ये शीट तिरकी सरकण्याचा दोष आणि तपासाविना बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील व्हिनाइल कटरचा उजवा पिंच रोलर बदलून देण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून सात महिन्यांपूर्वी घेतलेला २४ इंची व्हिनाइल कटर (चिकट प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरे कापणारे यंत्र) शीट सरळ ओढत नाही, ही माझी तक्रार आपल्या सेवा विभागाने तीन वेळा नोंदवून घेतली आणि तिन्ही वेळा ‘मशीन निर्दोष, मटेरियल किंवा वापरातील चूक’ असा शेरा मारून बंद केली. हा शेरा मला मान्य नाही. दोष नेमका कुठे आहे हे मी घरच्या घरी शक्य तेवढ्या चाचण्या करून शोधले असून, त्या चाचण्या आपल्या विभागाने वाचाव्यात आणि हव्या तर पुन्हा करून पाहाव्यात, यासाठी हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

पहिले मीटरभर व्हिनाइल नीट सरकते. त्यानंतर मशीनसमोर उभे राहिल्यावर उजव्या हाताला येणारी कड मागे राहू लागते आणि सगळी शीट हळूहळू उजवीकडे ओढली जाते. ३ मीटर लांबीचे काम संपेपर्यंत कड मूळ जागेपासून ११ मिलिमीटर हटलेली असते. त्याहून लांब कामात डावी कड पिंच रोलरच्या, म्हणजे शीट वरून दाबून धरणाऱ्या, चाकाखालून बाहेर पडते आणि शीट दुमडून ब्लेडच्या वाटेत येते.

मी प्रामुख्याने मराठी फलकांची अक्षरे कापते, आणि या दोषाचा फटका देवनागरीला सर्वांत जास्त बसतो. शब्द एकसंध कापताना ब्लेड शिरोरेखेची वरची कड एका दमात कापत जाते आणि परत येताना प्रत्येक अक्षराला वळसा घालत खालची कड कापते. या जाण्यायेण्यात शीट हलली, की एकाच शिरोरेखेची जाडी एका टोकाला १२ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ९ मिलिमीटर भरते. शिवाय ब्लेड जिथून निघाले तिथे परत पोहोचतच नाही. मध्ये अडीच मिलिमीटरची न कापलेली पट्टी राहते, आणि भोवतालचे फालतू व्हिनाइल सोलू लागले की ती पट्टी अख्ख्या अक्षराला सोबत उचलते. सुट्या रोमन अक्षरांत हाच दोष लपून जातो, कारण एकेक अक्षर ब्लेड वीतभर हालचालीत पुरे करते. हा मुद्दा मी मुद्दाम नोंदवत आहे. त्याचा संबंध पुढे आपल्या तंत्रज्ञांच्या भेटीशी येणार आहे.

पहिल्या तक्रारीला ‘रोलचे वजन मशीनवर येत असेल’ असे उत्तर आले. उत्तर वाजवी होते. भरलेला रोल मशीनने स्वतः ओढून उलगडायचा म्हटले की प्रत्येक झटक्याला शीट थोडी घसरते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच मी कामाच्या लांबीपेक्षा अर्धा मीटर जास्त व्हिनाइल आधीच उलगडून मशीनच्या मागे सैल सोडते. तरीही शीट तितकीच सरकली. आपल्या माहितीपुस्तिकेत उलगडून ठेवण्याविषयी एक ओळही नाही, ही गोष्ट मात्र जाता जाता सांगावीशी वाटते.

दुसऱ्या वेळी दोष मटेरियलवर ढकलण्यात आला. बॅकिंग पेपर, म्हणजे व्हिनाइलच्या पाठीचा कागद, हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि मग शीट सरळ चालत नाही, हे खरे आहे. त्यामुळे मी रोल २४ तास मशीनच्याच खोलीत ठेवून मग चाचणी घेतली. वेगवेगळ्या उत्पादकांचे तीन रोल वापरले. त्यांतला एक रोल कापून, टोके उलटी करून, म्हणजे डावी कड उजवीकडे आणून लावला. दोष रोलमध्ये असता तर शीट आता डावीकडे सरकायला हवी होती. ती पुन्हा उजवीकडेच गेली.

ब्लेड खोल जात असल्याचा आणि वेग जास्त असल्याचा संशयही आपल्याकडून व्यक्त झाला. वेग सेकंदाला ४०० मिलिमीटरवरून १५० वर आणला. ११ मिलिमीटरचे ९ झाले, एवढाच फरक पडला. मग ब्लेड काढून त्याच्या जागी आपल्याच मशीनसोबत आलेला पेन लावला. पेन शीटला अडवत नाही, बॅकिंग पेपरमध्ये रुतत नाही, त्याला ताकदही नाममात्र लागते. पेनने आखलेले ३ मीटरचे चौकट-चित्रही तसेच तिरके आले आणि त्याच्या दोन कर्णांच्या मापांत फरक निघाला. ब्लेडची खोली, धार आणि कटिंग फोर्स हे तिन्ही मुद्दे माझ्या मते इथे निकालात निघाले.

यानंतर मला जे दिसले ते आपल्या अभियंत्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहावे, अशी विनंती आहे. कापून झालेली शीट पालथी करून खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरली, की बॅकिंग पेपरवर शीट खालून ओढणाऱ्या ग्रिट रोलरच्या खरखरीत पृष्ठभागाने उमटवलेले बारीक टोचे ओळीने दिसतात. डाव्या आणि मधल्या पिंच रोलरखालची ओळ सलग, एकसारखी आणि बोटाला खरखरीत लागते. उजवीकडची ओळ फिकट आहे, जागोजागी तुटलेली आहे आणि तुटते तिथे टोच्यांऐवजी घासल्याची लांबट चकाकी दिसते. म्हणजे उजवीकडे रोलर फिरतो आहे, पण कागद त्याच्यासोबत जात नाही.

ग्रिट रोलरवर डिंक बसला असेल म्हणून तो ब्रशने साफ केला. पिंच रोलर ग्रिटच्या पट्ट्यांवरच बसले आहेत ना, हे मशीनवरच्या पांढऱ्या खुणांशी जुळवून पाहिले. शेवटी व्हिनाइलची एक अरुंद पट्टी घेतली आणि उजवा रोलर वर उचलून ती फक्त डाव्या व मधल्या रोलरमध्ये धरून ३ मीटर चालवली. ती एक मिलिमीटरही हटली नाही. तीच पट्टी मधल्या व उजव्या रोलरमध्ये धरली, तर उजवीकडे घसरली. उजवा रोलर सरकवून शेजारच्या ग्रिट पट्टीवर आणला, तरी ती घसरलीच. मधला रोलर तिन्ही खेपांना तोच होता आणि पहिल्या खेपेला त्याने पट्टी सरळ चालवली होती; शेवटच्या खेपेला तर ग्रिट पट्टीही बदलली होती. संशयाला उरतो तो फक्त उजवा पिंच रोलर. मशीन बंद असताना प्रत्येक रोलरखाली कागदाची पट्टी अडकवून हाताने ओढली, तर डाव्या व मधल्या रोलरखालची फाटते, उजव्याखालची निमूट बाहेर येते. स्प्रिंग सैल झाली आहे की दांडी वाकली आहे, हे खोलून पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि वॉरंटीचे सील तोडण्याची माझी इच्छा नाही.

तिसऱ्या तक्रारीनंतर आपले तंत्रज्ञ येऊन गेले. ते सौजन्याने वागले, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु त्यांनी सोबत आणलेल्या ए-४ आकाराच्या तुकड्यावर एक चांदणी कापली, ती नीट आली आणि अहवालात ‘मशीन ओके’ असे लिहिले. जो दोष मीटरभर अंतरानंतरच दिसतो, तो वीतभर तुकड्यावर दिसणार नाही, हे मी त्याच वेळी सांगितले होते. ३ मीटरची चाचणी घेण्यास त्यांनी ‘यादीत नाही’ म्हणून नकार दिला. बॅकिंग पेपरवरची ओळ दाखवायला मी शीट पुढे केली. ती त्यांनी पाहिली, पण अहवालात तिचा उल्लेख नाही.

माझी मागणी अशी की, आपण वॉरंटीअंतर्गत उजवा पिंच रोलर त्याच्या स्प्रिंग व दांडीसह बदलून द्यावा, तिन्ही रोलरचा दाब मोजून तो लेखी कळवावा आणि दुरुस्तीनंतर माझ्या समक्ष, माझ्याच रोलवर किमान ३ मीटरची चाचणी घ्यावी. त्या चाचणीत कड एक मिलिमीटरहून जास्त हटली, तर मशीन बदलून मिळावे. मधल्या काळात वाया गेलेल्या व्हिनाइलची भरपाई मी या पत्रात मागत नाही. मात्र तीन तक्रारींवर मारलेला ‘वापरातील चूक’ हा शेरा आपल्या नोंदींतून काढून टाकावा, कारण पुढे वॉरंटीच्या प्रत्येक मागणीच्या वेळी तोच शेरा माझ्यासमोर ठेवला जाईल.

खरेदीच्या पावतीची प्रत, तिन्ही तक्रारींची उत्तरे, तंत्रज्ञांचा अहवाल आणि पेनने आखलेले चौकट-चित्र सोबत जोडले आहे. बॅकिंग पेपरचा तुकडाही पाठवत आहे. त्यावरच्या तिन्ही ओळींना मी पेन्सिलीने ‘डावी’, ‘मधली’, ‘उजवी’ असे लिहिले आहे. तो सपाट ठेवून वरून पाहू नये, उजेडात तिरपा धरावा. आपले उत्तर १५ दिवसांच्या आत लेखी मिळावे, ही विनंती.

आपली,
कटरची खरेदीदार