इदी अमीन ब्रह्मदेशात लढलाच नव्हता

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीतला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यावरचा लेख वाचला. लिहिलंय झकास, पण एक वाक्य खटकलं. अमीन म्हणे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढला. अहो, तो किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेतल्या पलटणीत, भरतीच झाला १९४६ साली, तेही स्वयंपाक्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून, आणि जपानने तर १९४५ लाच हत्यारं खाली ठेवली होती. ब्रह्मदेशाची थाप त्याने स्वतःच मारलेली, आणि आपण अजून छापतोय.

चूक तारखेची असती तर पत्र लिहीत बसलो नसतो. पण या पलटणीचं नाव निघालं की फक्त अमीन आठवतो, आणि जे खरंच तिकडे गेले ते राहतात बाजूला. केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग), न्यासालँड (आजचा मलावी) इथली पोरं ११व्या ईस्ट आफ्रिकन डिव्हिजनमधून १९४४ च्या ऐन पावसाळ्यात ब्रह्मदेशात तामूकडून काबॉ खोऱ्यात उतरली, मलेरियाने बदनाम असलेलं खोरं ते, रस्ता म्हणजे नुसता चिखल, गाड्या रुतायच्या, तरी रेटत रेटत डिसेंबरात कलेवाला पोचली आणि तिथे चिंदविन नदीवर हजार फुटांपेक्षा लांब बेली ब्रिज (तयार लोखंडी भाग जोडून उभारायचा लष्करी पूल) पडला तेव्हा कुठे मागची फौज पलीकडे गेली. त्याआधी फेब्रुवारीत मोम्बासाहून कोलंबोला निघालेली खेदिव इस्माईल बोट जपानी पाणबुडीने बुडवली, दोन मिनिटांत खेळ खलास, त्यात पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्याचे शेकडो जवान होते. जे वाचून पोहत होते त्यांच्यामधेच ब्रिटिश विनाशिकांनी पाणबुडीसाठी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. हे वाचल्यावर मला तर दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

पलटण जुनी आहे, १९०२ ची, तीन वेगवेगळ्या वसाहतींच्या फौजा एकत्र करून काढलेली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जेमतेम ३ बटालियन, १९१८ पर्यंत २२ झाल्या, आणि त्यांच्यामागे ओझी वाहणारे हमाल वेगळेच, जे गोळीपेक्षा आजाराने आणि उपासमारीने जास्त मेले. दार-एस-सलाममधल्या करियाकू बाजाराचं नाव म्हणजे 'कॅरियर कोअर' याचंच बोलीतलं रूप, हमालांचा तळ होता तिथे. रोज भाजी घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

सगळं गोडगोडही लिहू नका म्हणा. १९५० च्या दशकात हीच पलटण केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ बंडखोरांवर सोडली, म्हणजे आपल्याच माणसांवर, आणि अमीन होता तो तिथे. आणि काळ्या सैनिकाने कितीही कर्तबगारी दाखवली तरी कित्येक वर्षं त्याला ऑफिसर करायचंच नाही असा कारभार, अमीनलासुद्धा कमिशन मिळालं १९६१ ला, युगांडा स्वतंत्र व्हायच्या जेमतेम वर्षभर आधी. १९६४ च्या जानेवारीत टांगानिका, युगांडा, केनिया तिन्हीकडे सैनिकांनी बंड केलं ते पगारासाठी आणि डोक्यावरचे गोरे ऑफिसर हटवा म्हणून, त्यात नवल काय?

तर पुढच्या रविवारी चूक दुरुस्तीच्या दोन ओळी टाका. आणि काबॉ खोऱ्यावर कुणाकडून लेख लिहून घेतलाच तर फोटो अमीनचा लावू नका प्लीज.

आपला,
एक जुना वाचक