ट्यूब न देता प्रश्न विचारणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं दुकान पर्वती पायथ्याला, आमच्या सोसायटीच्या अगदी जवळ. मागे एकदा आभार मानायला आले होते, पण दुकानात गर्दी होती आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही बाबांना विचारलेले प्रश्न इतरांनाही माहीत असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

बाबांच्या खालच्या ओठावर आणि उजव्या मनगटाजवळ डाग उठले होते. मनगटावरचा रुपयाच्या नाण्याएवढा, गोल, कडा रेखीव, मधे जांभळट काळा. शेजारच्या काकूंनी एका ट्यूबचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांच्या भाचीचे वांग त्याने गेले म्हणे. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, काउंटरवर पालथी ठेवलीत आणि बाबांचा हात उजेडात धरलात.

"उठला तेव्हा खाज होती? आग होत होती?"

"होती."

"याच जागी आधी कधी आला होता?"

बाबा जरा थांबून म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात. इथेच."

"तेव्हा कुठली गोळी घेतली होतीत? आणि आत्ता?"

दोन्ही वेळा पोट बिघडलं होतं आणि दोन्ही वेळा घरात ठेवलेली जुलाबाची तीच गोळी घेतली होती, ऑर्निडॅझोलवाली. आमच्यापैकी कुणीही हे दोन धागे जोडले नव्हते. तुम्ही ट्यूब दिली नाहीत. "यात स्टिरॉइड आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या," एवढंच म्हणालात. पुढे डॉक्टरांकडून कळलं, की अशी क्रीम मनानेच चेहऱ्यावर चोळत राहिलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं आणि सोडताना त्रास आणखी वाढतो.

आम्ही ससूनच्या त्वचारोग विभागात गेलो. पाकीट पाहून आणि डाग तपासून डॉक्टरांनी निदान सांगितलं: फिक्स्ड ड्रग इरप्शन. औषधाची ॲलर्जीच, पण जागा ठरलेली. पहिल्या वेळी जिथे डाग उठतो तिथल्या कातडीत प्रतिकारशक्तीच्या काही पेशी मुक्काम ठोकून राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्या तिथेच हल्ला करतात. सूज, लाली ओसरते, पण रंगद्रव्य कातडीच्या खालच्या थरात उतरतं, म्हणून काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. गोळी घेतच राहिलं तर डाग गडद होत जातात, कधी संख्याही वाढते. वेदनाशामक गोळ्या आणि काही अँटिबायोटिकनेही असं होतं. बाबांना आता मेट्रोनिडॅझोल आणि टिनिडॅझोलही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण ती त्याच कुळातली.

एक गोष्ट डॉक्टरांनी फार ठासून सांगितली. गोळीनंतर अंगावर फोड आले, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, ताप आला, कातडी सोलायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

डॉक्टरांनी बाबांचे तळपाय आणि हातापायाची नखंही पाहिली. मला नवल वाटलं, तेव्हा त्यांनी समजावलं. आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर विरळा, पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कुणी बघतच नाही. वाढत जाणारा, वेडावाकडा, एकाच डागात दोन-तीन रंग असलेला, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, रक्त येणारा किंवा न भरणारा डाग लगेच दाखवायचा. नखात नवी काळी रेघ उमटून रुंदावत असेल, तर तीही. मान आणि काखेतली कातडी मखमलीसारखी जाड, काळी होत असेल, तर साखर तपासायची. आमच्या आत्याला हे तिथूनच फोन करून सांगितलं. त्यांची मान कित्येक दिवस घासूनही उजळत नव्हती.

काका, ती ट्यूब विकणं तुम्हाला किती सोपं होतं! चिठ्ठीवर नाव होतं, आम्ही पैसे हातात घेऊन उभे होतो. त्याऐवजी मागे गिऱ्हाइकं खोळंबली असताना तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला नीट विचारलंत. बाबा घरी येताना म्हणाले, "या माणसाने माझं ऐकून घेतलं." त्यांच्या तोंडून असं क्वचित निघतं.

ओठावरचा डाग आता बराच फिका झाला आहे, मनगटावरचा अजून दिसतो. न चालणाऱ्या औषधांची नावं डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिली आहेत. ते बाबांच्या पाकिटात असतं. बीपीच्या गोळ्या न्यायला बाबा येतील, तेव्हा ते कार्ड मागून तुमच्या वहीतही नावं उतरवून घ्या, एवढी आणखी एक विनंती.

तुमची ऋणी,
बाबांची धाकटी मुलगी